भिंतीपलीकडे राहिलेली ताटली

आमची पितळेची एक ताटली वर्षभर शेजारच्या घरी राहिली, आणि ती परत कशी यावी हा त्या साली आमच्या घरातला सर्वांत गहन प्रश्न होऊन बसला. मी शाळेत संस्कृत शिकवीत असे. गहन प्रश्नांची मला सवय होती. परंतु ज्यावर एकही भाष्य उपलब्ध नाही, असा प्रश्न मजसमोर प्रथमच उभा राहत होता.

सत्तर सालाच्या आगेमागे आम्ही रामदासपेठेच्या मागच्या अंगाला एका जुळ्या घरात राहायला आलो. एका भागात आम्ही, दुसऱ्यात तारघरातले एक कारकून आणि त्यांची वृद्ध आई. दोन्ही अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत होती. पहिला दसरा आला तेव्हा शेजाऱ्यांशी आमचे बोलणे नळाच्या पाण्यापुरतेच होते. पत्नीने रीतीप्रमाणे ताटलीत आपट्याची पाने व थोडी खडीसाखर घातली आणि भिंतीवरून ती कारकुनांच्या हाती दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, आई दीक्षाभूमीवर गेली आहे असे नम्रपणे सांगितले आणि ते आत गेले. तेव्हा कुठे आमच्या ध्यानात आले की आमचा दसरा तोच या घरातला धम्मदीक्षेचा दिवस. त्या माउलीने छप्पन्न साली पांढऱ्या लुगड्यात त्या मैदानावर उभे राहून दीक्षा घेतली होती आणि जुने सण तिथेच मागे ठेवले होते.

ताटली परत आली नाही. शेजारची ताटली रिकामी परत करायची नाही, हा नियम कोणत्याही स्मृतीत नसला तरी आमच्याकडे श्रुतीइतका प्रमाण मानला जातो. त्यामुळे ती उशिरा, पण भरून येईल अशी आशा होती. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पत्नीच्या मनाने घेतले की पानांनी त्या माउलीचे मन दुखावले. ताटली मागावी तर अपमान, दुसरी पाठवावी तर पहिलीची आठवण करून दिल्यासारखे. मी दिवसभर शाळेत. पत्नीला या नव्या घरी एक मैत्रीण हवी होती, आणि भिंतीपलीकडे असलेली एकमेव बाई “पाणी आलं वं बाई” एवढेच बोलून आत वळत असे.

दुसरा दसरा जवळ आला तशी पत्नी एके सकाळी देवघराच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली.

“अहो, एवढं संस्कृत शिकलात. ज्यात आपलाही देव नाही आणि त्यांचंही मन मोडणार नाही, असं एखादं शुभवचन करून द्या. यंदा पानं नकोत. तेवढंच घेऊन त्यांच्या दारी जाऊ.”

एवढा मोठा मान मला शाळेनेही कधी दिला नव्हता. नवरात्रभर अखंड दिव्याला तेल घालताना मी शब्द निवडीत होतो. ‘विजय’ घ्यावा तर हरले कोण, असे कोणी विचारायचे. ‘मंगल’ म्हणावे तर कानांत सनई वाजू लागते. ‘शारदीय’ शब्दात तर साक्षात देवीच आसन घालून बसलेली. शेवटी मी ऋतूला शरण गेलो, कारण ऋतूने अद्याप कोणाकडूनच दीक्षा घेतलेली नाही. वाक्य सिद्ध झाले: ‘शरदियं सर्वेषां सुखाय भवतु.’ हा शरद ऋतू सर्वांना सुखाचा होवो. निर्दोष! मी ते पत्नीला तीनदा म्हणून दाखवले. ती म्हणाली की चांगले आहे, जरा काढ्यासारखे लागते, पण चांगले आहे.

नव्या वचनाची परीक्षा बाहेर घ्यावी म्हणून अष्टमीला जरीपटक्याच्या बाजारात मी आमच्या ओळखीच्या सिंधी कापडवाल्यासमोर हात जोडून ते संपूर्ण म्हटले. त्याने ते श्रद्धेने ऐकले, मग लगबगीने खुर्ची पुढे केली, पाणी मागवले आणि हळूच विचारले, “पंडितजी, घर में सब ठीक है ना?” या इशाऱ्याकडे मी लक्ष द्यायला हवे होते. पण मी उत्तम पाणी पिऊन उत्तम मनःस्थितीत घरी परतलो.

दसऱ्याला सकाळी शेजारचे अंगण पांढऱ्या वस्त्रांनी फुलून गेले होते. दीक्षाभूमीवर जाण्यासाठी काटोलकडचे त्यांचे नातलग ट्रक करून आले होते. हिरव्या सालीच्या संत्र्यांची पोती कोपऱ्यात रचलेली होती. मी स्नान करून, रेशमी सोवळे नेसून, उपरणे घेऊन त्या दारात उभा राहिलो. मागे पत्नी. मी डोळे मिटले आणि पाठशाळेत घोटून घेतलेल्या सुरात, मंद्र स्वरात, सावकाश वचन म्हटले.

डोळे उघडले तेव्हा अंगणात बसलेले सगळे उठून उभे होते. काटोलच्या एका वृद्ध पाहुण्याने टोपी काढून हातात घेतली होती. म्हातारी आतून पदर सावरत आली आणि तिने माझ्या पत्नीचा हात धरला.

“कोण गेलं वं बाई?”

“कोणी नाही हो, सगळे आहेत,” पत्नी म्हणाली.

“मंग गुरुजी असं काहून म्हणून राहिले?”

मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत खुलासा केला. हे वचन कोणत्याही धर्माचे नाही, कोणालाही खुपू नये म्हणून मुद्दाम ऋतूचे केलेले आहे, हे ऐकताना कारकुनांनी तोंड भिंतीकडे फिरवले. त्यांचे खांदे हलत होते. म्हातारीने मात्र सगळे नीट ऐकून घेतले.

“गुरुजी, तुमचा दसरा हाय, तं दसरा म्हणा. मले काय खुपते? आमचा दीक्षेचा दिवस हाय, तं आमचा जयभीम घ्या. हे मधलं कोणाचं हाय मंग?”

आयुष्यभर मी समोरच्याचा पूर्वपक्ष खोडून काढत आलो; हा मात्र तसाच मान्य केला. मी हात जोडले आणि ‘जयभीम’ म्हटले. सवयीने तेही मंद्र स्वरातच निघाले. अंगणाने एकमुखाने असे उत्तर दिले की भिंतीवरचे कबुतर उडाले, आणि मग जो हशा उसळला त्यात मी कधी सामील झालो ते माझे मलाच कळले नाही.

“तुम्हाले दसऱ्याच्या शुभेच्छा वं बाई,” म्हातारी पत्नीला म्हणाली. पत्नीच्या डोळ्यांत पाणी होते. ती एवढेच बोलली की मागच्या साली पाने पाठवली, ती चूक झाली.

“पानाचं काय घेऊन बसली? पानं आता आम्ही वाटत नाही, तुम्ही खुशाल वाटा. मले तुमच्या ताटलीनं वर्षभर झोपू नाही दिलं.” ती आत गेली आणि आमची ताटली घेऊन आली, चिंचेने घासून लख्ख केलेली. “रिकामी कशी देऊ? अन् भरून देऊ तं काय? तुमच्या दोरीवर रोज सोवळं वाळते. आमच्या घरचं रांधलेलं तुम्ही खासान का गाईपुढे टाकसान, हे मी कोणाले पुसू?”

बोलताना ती हसतच होती, पण उत्तराची वाट पाहत होती. पत्नी अंगणातल्या सतरंजीवर बसली आणि तिने हात पुढे केला. म्हातारीने खिरीची वाटी ताटलीत ठेवून तिच्यापुढे केली. पत्नीने ती संपवली, आणखी मागितली, आणि माझ्याकडे पाहिले.

माझी पंचाईत वेगळीच होती. दसऱ्याची ग्रंथपूजा व्हायची होती, आणि पूजेपूर्वी मी अन्न घेत नसे. हे मी सांगितले तसा पत्नीचा चेहरा उतरला, आणि म्हातारीने माझ्यासाठी भरायला घेतलेली वाटी खाली ठेवली. मी सोवळ्याचा काष्टा धरून भिंतीवरून उडी मारली. दाराने जावे हेदेखील सुचले नाही. अमरकोशापासून सर्व ग्रंथांना गंध, फुले, नैवेद्य, आरती हे सारे मी अशा वेगाने केले की शारदेने डोळे मिटून घेतले असावेत. मंत्र एकही गाळला नाही. श्वास मात्र गाळले. आणि तसाच भिंतीवरून परत.

“घाई काहून करता गुरुजी,” म्हातारी म्हणाली, “खीर काही पळून नाही चालली.”

मी सतरंजीवर बसून पोटभर खीर खाल्ली. काटोलचे ते वृद्ध गृहस्थ शेजारी बसले आणि त्यांनी माझे वचन पुन्हा म्हणायला लावून पाठ केले; कापडवाल्याची हकीकत मी सांगितल्यावर, गावात कोणाला पटकन खुर्ची हवी असेल तर उपयोगी पडेल, असे त्यांचे मत पडले. त्यांचा ट्रक निघाला तेव्हा ‘जयभीम’च्या पाठोपाठ त्यांचे ‘सर्वेषां सुखाय’ही वळणापर्यंत ऐकू येत होते.

निघताना पत्नीने आपली ताटली उचलली. तीत म्हातारीची वाटी तशीच होती, पुन्हा खिरीने भरलेली.

“वाटी राहू द्या तुमच्याजवळ,” म्हातारी म्हणाली. “सावकाश द्या.”

“वर्षभर नाही ठेवायची मी,” पत्नी म्हणाली, आणि घरी येताच तिने अनारशांचे पीठ बाहेर काढले.