दोघांचं उठणं

कार्तिकातल्या संध्याकाळी कापलेल्या धानाचा ओलसर, गोडसर वास आमच्या गावावर उतरतो आणि तळ्यावरून येणारा वारा त्यात चिखलाचा गारवा मिसळतो. बी. ए. होऊन गोंदियाच्या शाळेत लागल्यावरही शनिवारी तिरोड्याला गाडीतून उतरून मी त्या वासाच्या ओढीने घरी चालत येई. त्या शनिवारी मात्र वाट सरता सरेना.

सकाळी शाळेच्या कमिटीने बोलावलं होतं. मॅट्रिकच्या वर्गाला गणित शिकवणारे मास्तर नागपूरला गेले होते. त्यांचा वर्ग मला द्यावा, असं हेडमास्तरांनीच सुचवलं होतं. मी खुर्चीच्या कडेला कसाबसा टेकलो होतो आणि दार वाजलं की उठत होतो.

"अरे बैठो मास्टरजी, चपरासी पानी लाया है!" कमिटीचे अध्यक्ष शेठजी म्हणाले. सगळे हसले, मीही हसलो. मग त्यांनी वर्गाचं विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माझ्यापेक्षा योग्य कोणी मिळालं तर बरं होईल."

"सोमवारी काय ते सांगा," हेडमास्तर हिरमुसून म्हणाले. "नाहीतर बाहेरचा माणूस आणावा लागेल."

तो वर्ग मला हवा होता. कॉलेजात असल्यापासून हवा होता.

घरी अंगणातल्या बाजेवर बाबांजवळ बसलो होतो, तोच गावच्या जमीनदारांची, मालगुजारांची दमणी गाडी समोरून गेली. बाबा उठले, मीही उठलो. बैलांच्या घुंगरांचा आवाज विरल्यावर बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तू काऊन उठला बे?"

"तुमी उठले म्हणून."

"मी उठलो ना? मंग दोघायचं झालं! तुले शिकवलं तं बसासाठी. उठाले मी आहो ना घरात."

एवढं बोलून ते बैलांना वैरण टाकायला गेले. त्या शब्दांनी मला धीर आला नाही, राग आला. मालगुजारांचा, माझा आणि थोडा बाबांचाही, कारण त्यांनी तरी का उठावं? रविवारी दिवसभर मी धसकटांतून, बांधांवरून निरुद्देश फिरत राहिलो. पुस्तकं देणारे गुरुजी, फी माफ करवून देणारे माझ्या शाळेचे तेव्हाचे हेडमास्तर, नागपुरात पडवीत जागा देणारी मावशी, या साऱ्यांच्या उपकारांपुढे मी इतकी वर्षं मनातल्या मनात वाकत आलो होतो, की वाकणं म्हणजेच कृतज्ञता असं मला वाटू लागलं होतं. पण यांच्यापैकी कोणाला माझी वाकलेली पाठ पाहायची होती?

सोमवारी हेडमास्तरांसमोर उभा राहिलो.

"वर्ग मी घेतो, सर."

"आणि ते योग्य कोणी?"

"ते आले नाहीत, सर."

हेडमास्तर मोठ्याने हसले आणि बीजगणिताचं पुस्तक माझ्या हातात देत म्हणाले, "मग आज दुपारपासूनच."

शिक्षकांच्या खोलीत, खिडकीतून येणाऱ्या पिवळसर उन्हात मी पुस्तक उघडलं. जुनी शंका शेजारी येऊन बसलीच: मी कोण, मला हे जमेल का? पण समोरचं समीकरण पाहता पाहता तिच्या जागी दुसराच प्रश्न आला. मुलं अडतात ती नेमकी या पायरीवर. तिथे त्यांना काय सांगावं? मी एक उदाहरण योजलं, खोडलं, दुसरं योजलं. घंटा झाली तेव्हा माझं मन अजून त्या पायरीवरच होतं.