पाण्याने लिहिलेलं अक्षर

मी नर्स आहे. वॉर्डात मावश्या काय काय सांगत असतात... कुणी कॉरिडॉरमध्ये दिसलं, रिकाम्या खोलीतली बेल वाजली. माझा कशावरच विश्वास नव्हता. ड्युटी संपून पाठ टेकायला मिळाली की बास. तरीही हे लिहितेय.

सोलापुरात, पूर्व भागात, आमचं दोन खोल्यांचं घर. मी आणि अम्मा. पॅरालिसिसनंतर अम्माची उजवी बाजू गेली, बोलणंही गेलं. जपानमध्ये म्हाताऱ्यांची देखभाल करायची नोकरी मिळावी म्हणून मी जपानी शिकत होते. अक्षरं गिरवायला एक कापड मागवलं होतं — ब्रश पाण्यात बुडवून लिहायचं, काळं उमटतं, वाळलं की जातं. आमच्याकडच्या मे महिन्यात तर दुसरी रेघ काढेपर्यंत पहिली गायब.

दुसऱ्या दिवशी पुण्याला मुलाखत होती. निवड झाली की तिथेच ट्रेनिंग, मग जपान. अम्माला माझी बहीण नेणार होती. त्या दुपारी ड्युटीवरून आले, कुलूप काढलं. अम्मा पलंगावर पडलेली. समोर भिंतीवर, खिळ्याला टांगलेल्या कापडावर एक अक्षर. ठसठशीत, ओलं. मी अजून न शिकलेलं. ब्रश कपाटात, कोरडा.

बोट लावलं तर पाणी लागलं. पंखा मोठा केला... अक्षर वाळेना.

दुसरी किल्ली शेजारच्या खालाकडे असते. ती म्हणाली, "मैं तो आज आईच नै बेटी, घुटने दुखरे."

ऑनलाइन क्लासच्या मॅडमना फोटो पाठवला. उत्तर आलं, "मात्सु. म्हणजे थांबणे. वळण सुंदर आहे, कुणाचं?"

मी अम्माजवळ बसले. "अम्मा, थांबू का मी?"

तिने मान हलवली. नाही. पुन्हा विचारलं, तर डाव्या हाताने तिने पलंगावरची माझी भरलेली बॅग दाराच्या दिशेने ढकलली.

तरी मी गेले नाही. मुलाखतीला येत नाही म्हणून फोन केला, वळून पाहिलं — कापड कोरडं.

वाटलं होतं, काहीतरी होणार. मी जाणार होते त्या पुण्याच्या गाडीला, नाहीतर अम्माला. काहीच झालं नाही. गाडी पोचली. अम्मा आहे, तब्येत तशीच. कितीतरी दिवस ती माझ्या हातून जेवायची, पण तोंड भिंतीकडे करून. बरोबरच्या मुली गेल्या, तिकडून फोटो टाकतात. मी बघते आणि ड्युटीला जाते.

कुणी लिहिलं, माझ्यासाठीच लिहिलं का, आजही माहीत नाही. मॅडमनी नंतर सांगितलं की मात्सु म्हणजे वाट पाहणेसुद्धा. कोण पाहतंय, कुणाची... ते त्या अक्षरात नसतं म्हणाल्या.