पशुपतीच्या घाटावर यमाई

देव परमुलखात न्यायचे नाहीत, असं माझ्या चुलत्यांचं म्हणणं. न्यायचेच, असं माझं.

आमच्या भावकीचे चांदीचे पाच टाक आहेत. टाक म्हणजे पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेली देवाची मूर्त. खंडोबा, जोतिबा, सिद्धनाथ, एक घोड्यावरचा वीर आणि औंधाची यमाई. ते बसतात थोरल्या घरात, चुलत्यांच्या देव्हाऱ्यात, पण ते साऱ्या भावकीचे. मधूनमधून तीर्थाला नेऊन त्यांना आंघोळ घालायची, तिथल्या देवाची भेट घडवायची, अशी रीत आहे. कुणी कृष्णेवर नेतं, कुणी जेजुरीला. मी म्हटलं, या खेपेला नेपाळात, काठमांडूच्या पशुपतीला.

हे डोक्यात भरवलं माझ्या मेव्हण्यानं. बायकोचा धाकटा भाऊ, फौजेत होता. त्याच्या पलटणीतले नेपाळी गडी त्या शहराचं रोज वर्णन करायचे म्हणे. सत्तर सालानंतरची गोष्ट. तो रजेवर आला आणि माझी सांगलीच्या पेठेत गुळाची शेवटची गाडी घालून झाली होती. हात मोकळे होते.

चुलते चिडून म्हणाले, "मुलूख सोडून देव कुणी न्हेल्यात का रं आजपातूर?"

"पशुपती म्हंजे महादेवच की. देव देवाला भेटल. त्यात काय वंगाळ?"

"न्हे मग. पर पाच न्हेतुयास, पाच परत आण. एक जरी कमी आला, तर भावकीत तोंड दावू नगंस."

"पाच म्हंजे पाच," मी म्हटलं. मी एकदा बोललो की बोललो. भावकीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मी तोंडघशी पडावं म्हणून वाट बघणारेही होते.

बायकोनं देव रेशमी फडक्यात बांधले. बरोबर सांगलीची हळद आणि खोबऱ्याच्या दोन वाट्या. देव उपाशी प्रवासाला न्यायचा नाही, ही आमच्याकडची रीत. ते गाठोडं मेव्हण्याच्या पिठ्ठूत गेलं. पिठ्ठू म्हणजे फौजी लोकांची पाठीवरची पिशवी. मला त्यानं जुना एक दुसरा दिला. डोक्याला पटका, अंगात बाराबंदी आणि पाठीवर पिठ्ठू, असा मी गाड्या बदलत सरहद्दीवरच्या रक्सौलला उतरलो आणि तिथून मोटारीनं डोंगर चढून काठमांडूत.

उतरल्या उतरल्या गर्दीनं गाठलं. आमच्याकडचा वडूजचा बाजार मला मोठा वाटायचा. इथं गल्ली हातभर रुंद आणि तिच्यात माणूस, सायकल, मोटार, बैल, सगळं एकदम. एक हमाल कपाळाला पट्टा लावून पाठीवर अख्खं लाकडी कपाट घेऊन आला. मी बाजूला व्हायच्या आत कपाटाचा कोपरा लागून माझा पटका उडाला आणि मुळ्याच्या ढिगात पडला. भाजीवालीनं तो उचलला, झटकला आणि स्वतःच्याच टोपलीत ठेवला. मोठ्यानं ओरडलो तेव्हा हसत परत दिला.

जिथं तिथं गोरी पोरंपोरी. केस पाठीवर, पाय अनवाणी, आणि पाठीला आमच्यासारखेच पिठ्ठू. दुकानातून गांजा उघड विकायला, जसा आपल्याकडं भुईमूग. एक दुकानदार आमचे पिठ्ठू बघून मागंच लागला.

मेव्हणा म्हणाला, "दाजी, तुमालाबी त्यातलंच समजलाय त्यो. केस तेवढं वाढवा आता."

"गप. म्होरं बघून चाल."

"तुमीबी म्होरंच बघा. त्या देवळाकडं वर बघू नगा."

बघू नका म्हटल्यावर मी बघितलं. देवळाच्या छपराखालच्या लाकडांवर बायापुरुषांची अशी चित्रं कोरलेली, की मी डोळे मिटून घेतले. खाली देव, वर हे! मेव्हणा हसून हसून बसला. ती रात्र एका धर्मशाळेत काढली, आणि मी गाठोडं छातीशी धरून झोपलो.

सकाळी पशुपतीला गेलो. दारावरच्या शिपायानं पिठ्ठूचे पट्टे चाचपले. चामड्याचे होते. "चमडा अंदर नहीं." मेव्हण्यानं फौजेचं नाव सांगितलं, सलाम ठोकला, काही उपयोग झाला नाही. वहाणा बाहेर, पिठ्ठूही बाहेर. मग देव बाहेर काढावेच लागले. मेव्हणा सामानापाशी थांबला आणि मी गाठोडं हातावर घेऊन आधी देवांना आंघोळ घालावी म्हणून नदीच्या पायऱ्यांकडं वळलो.

त्यानं मागून हाक दिली. "आवं दाजी, खोबरं काढून ठिवा! माकडं लय हायत हितं!"

"देवाचा निवद हाय त्यो. काढायचा न्हाई."

पायऱ्यांवर आलो आणि थांबलो. देवळाच्या पायथ्याशीच सरणं जळत होती. एक, दोन, पलीकडं तिसरं. आमच्याकडं प्रेत जाळायची जागा गावाबाहेर, ओढ्याच्या पार. देव घेऊन कुणी तिच्या वाऱ्यालाही जात नाही. आणि मी हातात पाच देव घेऊन धुरात उभा! मागं फिरावं म्हणून वळलो, तोच डाव्या हाताला हिसका बसला.

माकड. एवढं थोराड, की आधी माणूसच वाटलं. गाठोडं घेऊन ते पायऱ्यांवरच्या एका घुमटीच्या छपरावर चढलं. मी बोंब ठोकली. ते शांतपणे बसलं, दातांनी गाठ सोडली आणि खोबरं काढून खाऊ लागलं. हळद त्याच्या तोंडाला लागली, हाताला लागली. आणि मग एकेक देव उचलून, वास घेऊन, खायचा नाही असं बघून त्यानं खाली भिरकावला.

 आमच्या बापजाद्यांनी पुजलेले देव माकड फेकत होतं.

मेव्हणा ओरडा ऐकून सामान तिथंच टाकून धावत आला. खंडोबा पायरीवर मिळाला, वीर एका साधूच्या मांडीशी. जोतिबा आणि सिद्धनाथ घुमटीच्या कडेला. चारच. यमाई नव्हती. मी पायऱ्यांवर रांगत होतो, फटीत बोटं घालत होतो.

"दाजी, पाण्यात गेली असल," मेव्हणा हळू म्हणाला.

पाणी म्हणजे गुडघाभर, काळं. वरच्या सरणाची राख त्यात चाललेली, अर्धी जळकी लाकडं, फुलं. ते पाणी बघून माझा पाय पुढं पडेना. प्रेताच्या राखेत उतरायचं, आणि त्याच हातानं देवी उचलायची? आणि नाही उतरलो तर पत्रा तो कितीसा? कागदासारखा पातळ. धार त्याला सरकवत नेणार. मी ज्या शहाणपणानं देव इथवर आणले ते शहाणपण कुठं गेलं, कुणास ठाऊक. नुसता उभा राहिलो.

तेवढ्यात खालून कुणीतरी हाक मारली.

जवळच्याच सरणापाशी एक तरणा माणूस होता. नुकतं डोकं भादरलेलं, अंगाला पांढरं धोतर. त्याचाच बाप जळत होता, ते मागाहून कळलं. तो पाणी न्यायला नदीत उतरला होता आणि तिथंच थांबला होता. दोन्ही पाय जुळवून, धारेला आडवा. त्यानं खाली बोट दाखवलं.

"इधर है. मेरे पाँव के पास."

"उठाओ! उठाओ भाई!" मेव्हणा ओरडला.

त्यानं मान हलवली. "मैं नहीं छू सकता. बाप मरा है. आप आओ."

 आमच्याकडंही सुतकातला माणूस देवाला शिवत नाही. तो मुलूख वेगळा, भाषा वेगळी, आणि रीत हीच! वरून त्याचे भाऊबंद त्याला हाका मारत होते, सरणाचं काम खोळंबलं होतं, कुणी रागानं काही बोललंही. त्याच्या पायांच्या आडोशामुळं धार देवीला नेत नव्हती, म्हणून तो हलला नाही. पाणी डोंगरातलं, गारठलेलं. त्याच्या पिंढऱ्या थरथरताना मला वरून दिसत होत्या.

मग मी उतरलो. राख पायाला लागली, पोटरीला लागली. त्याच्या टाचेशी हात घातला आणि बोटांना पत्रा लागला. यमाई. काळी झाली होती, एक कोपरा वाकला होता, पण मुखवटा जसाच्या तसा. मी वर बघून हात जोडले. त्यानंही जोडले, तांब्या भरला आणि सरणाकडं निघून गेला. नाव विचारायचं राहिलं.

आम्ही वरच्या अंगाला जाऊन आंघोळ केली, देवांना घातली. पशुपतीच्या दारातूनच भेट करवली. आत जायची माझी छाती झाली नाही.

परतीच्या गाडीत मेव्हणा म्हणाला, "दाजी, पाच हायती न्हवं? मग घाटाचं कशाला काढायचं? कोपरा सोनार नीट करंल."

"भावकीम्होरं खोटं बोलू व्हय रं? तू फौजेत हेच शिकलास?"

"बरं बाबा. मारा मग स्वताच्याच पायावर धोंडा."

थोरल्या घरात भावकी बसली होती. मी पाची देव पाटावर मांडले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. माकड, राख, पाणी, सगळं. ऐकताना बायकांनी तोंडाला पदर लावले. एक चुलतभाऊ उठलाच. "ही देवी बाटली. वितळवा आन् नवी करा." दुसरे दोघंतिघं त्याच्या बाजूनं बोलले. मी आवळलेल्या मुठी मांडीखाली घेतल्या. यमाई वितळवली असती तर मी त्या घरात पुन्हा पाऊल टाकलं नसतं, हे ठरवूनच बसलो होतो.

चुलत्यांनी देवांचा पाट स्वतःपुढं ओढला. मग मला म्हणाले, "बाप जळत व्हता म्हणतुयास त्याचा?"

"व्हय."

"आन् त्यो आपल्या देवीपाशी हुबा ऱ्हायला. शिवला न्हाई."

"न्हाई शिवला."

म्हातारा उठला. हातपाय धुऊन आला, यमाई स्वतःच्या हातानं उचलली आणि देव्हाऱ्यात मधोमध बसवली.  मग वळून म्हणाला, "पूजेला उद्यापास्नं गुरवाला सांगा. आपल्याला सुतक हाय."

"कुणाचं?" चुलतभाऊ दचकून म्हणाला. मीही दचकलो.

"त्याच्या बापाचं. पोराला आपल्यापायी बापाचं सरण सोडून हुबं ऱ्हावं लागलं. निम्मं सुतक आपुन धरायचं."

तंटा करणारा चुलतभाऊच गुरवाला सांगायला उठला. दुसऱ्या दिवशी मी डोकं भादरून घ्यायला न्हाव्यापुढं बसलो. त्यानं वस्तरा पाजळत विचारलं, "कोण गेलं?"

मला नाव ठाऊक नव्हतं. म्हटलं, "भावकीतलंच. लांब ऱ्हात व्हतं."