रक्तपेढीतल्या काकांची घाबरगुंडी

आमच्या रक्तपेढीतले काका म्हणजे महाखडूस माणूस. रक्ताच्या नमुन्याच्या नळीवरचं नाव जरा तिरकं चिकटलं तरी नळी परत, वर टोमणा फुकट. मी वॉर्डची हेड सिस्टर, माझंही तोंड काही शिवलेलं नाही. आमची रोज जुंपायची. पण खोटं कशाला बोलू, उभ्या नोकरीत त्यांच्या हातून चुकीची पिशवी कधी गेली नव्हती. माणूस त्याच एका गोष्टीवर ताठ चालायचा.

मग आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी बोन मॅरो, म्हणजे हाडांतला रक्त बनवणारा गर, बदलायचा विभाग काढला. आमच्याकडे हे पहिल्यांदाच. सामानाच्या खोलीला काचा बसवल्या, हवा गाळायची यंत्रं आली आणि पहिली पेशंट आली, कॉलेजातली एक मुलगी. औषधांनी तिचा मॅरो पार संपवला आणि थोरल्या भावाचा दिला. तो रुजला तर पोरगी जगणार, नाहीतर नाही. बाहेर बाकावर तिची आई. “सिस्टर, कळलं का काही?” मी म्हणायचे, “कळेल हो.”

मुलीचं रक्त ओ गटाचं, भावाचं ए. म्हणून तिला पिशव्या फक्त ओच्या. ए गेलं तर जिवावरच बेतायचं.

एका सकाळी काका धापा टाकत वर आले. चेहरा पांढराफटक.

“सिस्टर, तिच्या रक्तात ए दिसतंय. माझ्याकडून चुकीची पिशवी गेली. मारलं मी पोरीला.”

“अहो, काहीतरीच काय! आत्ता तर ती चहा गार दिला म्हणून माझ्यावर ओरडली!”

परत रक्त काढलं, काकांनी स्वतः तपासलं. तेच! डॉक्टरीणबाई येताच काका म्हणाले, “मला पोलिसात द्या, पण तिला वाचवा.”

बाईंनी एकेक पिशवी पडताळली. सगळ्या ओच्या. आणि एकदम त्यांचे डोळे भरले. “काका, मग हे ए आलं कुठून? भावाकडून! त्याचा मॅरो रुजलाय, तो तिच्या हाडांत रक्त बनवतोय. रुजला की तिचा गट भावाचा होणार, सांगितलं होतं ना मी तुम्हाला सगळ्यांना?”

सांगितलं होतं. आम्ही दोघांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या होत्या. पण पोरीच्या जिवाची धास्ती पडली की शिकवलेलं कुठलं आठवतंय!

काका मटकन खाली बसले. “जीव काढलात ना माझा!” मी त्यांच्यावर खेकसले आणि तिथंच रडायला लागले. इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

आईला सांगायला बाईंनी काकांनाच पाठवलं. काका डोळे पुसतच तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. ती घाबरून उठली.

“ताई,” ते कसेबसे म्हणाले, “रुजलं. मुलीच्या अंगात नवं रक्त तयार व्हायला लागलं.”

तिनं त्यांचे दोन्ही हात धरून कपाळाला लावले आणि हमसून हमसून रडली. याच हातांनी पोर मारली, असं काका सकाळपासून म्हणत होते. ती काही ते हात सोडेना.