नांगर आधी की उधाण

मालवणच्या बंदरावर अब्बासने अठ्ठावीस वर्षं मासळीचा लिलाव पुकारला. भोवतीच्या गर्दीतून दोन आवाज एकाच आकड्यावर एकदम उठले, तरी त्यातला कुठला अर्ध्या श्वासाने पुढे होता ते त्याला कळे. त्याने बोट दाखवलं की टोपली त्या माणसाची. दिलेली टोपली पुन्हा पुकारायची नाही, हा त्याचा शिरस्ता. एकदा बोट चुकीच्या बाजूला गेल्याचं त्याला लगेच जाणवलं होतं, तरी त्याने पुढची टोपली ओढून घेतली होती. एक उघडली तर सगळ्याच उघडाव्या लागतील, असं त्याने बायकोला, जहिराला, त्या दिवशी सांगितलं.

मग घशाचं ऑपरेशन झालं. आवाज उरला तो समोरच्या दोघांना ऐकू जाईल एवढाच. अब्बास वर्षभर घरात बसून होता. शेवटी शेजारच्या अजयने, जो वाचनालयात कारकून होता, त्याला दर रविवारी वाचनालयाच्या माडीवर न्यायला सुरुवात केली.

तिथे ‘सातबंदर’ खेळणारे जमत. बंद पाकिटांतून मिळणारे पत्ते जमवायचे, त्यांतून आपला गठ्ठा बांधायचा आणि समोरच्याच्या आधी आपली होडी सातव्या बंदरात पोचवायची, असा तो खेळ. खेळणारी माणसं कमावती होती, एक-दोघं तर लेकुरवाळी. भांडणं मात्र नेहमी एकाच गोष्टीवरून होत. काही पत्ते कधीही टाकता येतात, समोरच्याचा डाव चालू असतानाही. असे दोन पत्ते एकदम पडले तर आधी कुठला लागू? ‘उधाण’ होड्या मागे लोटतं. ‘नांगर’ त्यांना जागेवरून हलू देत नाही. नांगर आधी लागला तर होडी वाचते. उधाण आधी आलं तर नांगर वाया. ज्याने पत्त्याचं नाव आधी घेतलं त्याचा पत्ता आधी, असं सगळे धरून चालत, आणि नाव आधी कोणी घेतलं यावर निम्मा रविवार जाई.

अब्बास दोघांच्या मध्ये खुर्ची घेऊन बसू लागला आणि भांडणं थांबली. तो बोट दाखवी, माणसं मान्य करत. नियमांचं साठ पानांचं पुस्तक कपाटात पडून होतं. ते कोणी वाचलं नव्हतं. सगळे एकमेकांचं बघून शिकलेले. अब्बासला तर मोतीबिंदूमुळे ती बारीक अक्षरं दिसतच नव्हती.

डिसेंबरात जिल्ह्याचा सामना झाला. जिंकेल तो पुढच्या सामन्यांसाठी कोल्हापूरला जाणार होता. शेवटच्या फेरीत औषधांच्या दुकानात काम करणारी अनुजा आणि मोबाइल दुरुस्त करणारा सिद्धेश समोरासमोर आले. अनुजाची ही तिसरी खेप. आधी दोनदा ती इथेच हरली होती. डाव तिचा होता, होडी सातव्या बंदरात शिरलेली. डाव संपेपर्यंत ती तिथे टिकली की सामना तिचा. तिने नांगर टाकला, त्याच क्षणी सिद्धेशने उधाण टाकलं. दोन नावं एकदम उठली. अब्बासचं बोट सिद्धेशकडे गेलं. अनुजाने होडी मागे घेतली. पुढच्या दोन डावांत ती हरली आणि दोघांनी रजिस्टरात सही केली.

त्याच आठवड्यात अब्बासचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर काहीतरी वाचावं म्हणून त्याने ते पुस्तक घरी मागवलं. सत्ताविसावा नियम असा होता: दोन पत्ते एकाच वेळी पडल्यास ज्याचा डाव चालू आहे त्याचा पत्ता आधी लागू होतो, कोण आधी बोलले हे पाहू नये.

त्याने तो जहिराला वाचून दाखवला. तिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती वाटणाचं खोबरं किसत होती.

“डाव कोणाचो होतो?” तिने विचारलं.

“अनुजाचो.”

“मगे?”

रविवारी सगळे जमल्यावर त्याने नियम वाचला आणि आपला निर्णय चुकला, सामना अनुजाचा होता, असं सांगितलं. त्याचा आवाज मागच्यांपर्यंत पोचला नाही, म्हणून अजयने तेच मोठ्याने पुन्हा सांगितलं.

सिद्धेशने एसटीचं तिकीट आधीच काढलं होतं. “चाचा, इकलेला म्हावरा परत टोपलीत घालतत काय खंय?” तो म्हणाला. दोघं-तिघं हसले.

“लिलावात माझो कान तोच नियम,” अब्बास म्हणाला. “हंय पुस्तक आसा. माझ्या कानाक हंय कोणी इचारूकच नाय.”

सिद्धेशने त्याच्या हातातलं पुस्तक घेतलं. सत्ताविसावा नियम दोनदा वाचला, मग पहिल्या पानापासून सुरुवात केली. आपल्या बाजूने काहीतरी मिळेल म्हणून तो बोट ठेवून एकेक ओळ वाचत होता. बाकीचे आपापल्या डावांकडे वळले. अनुजा खिडकीपाशी बसून राहिली. ती काही मागत नव्हती आणि निघूनही जात नव्हती.

तासाभराने, अठ्ठावन्नाव्या पानावर, त्याला हवं ते मिळालं. दोघांनी सही केल्यावर निकाल बदलत नाही. त्याने तेवढं वाचून दाखवलं, पण आवाजात मघाचा जोर नव्हता. अनुजाने ते पान स्वतः बघितलं.

“मी सही केलंय,” ती म्हणाली.

अब्बासने अजयकडून रजिस्टर आणि पेन मागून घेतलं. त्या सामन्याच्या ओळीखाली त्याने सावकाश लिहिलं: निकाल कायम. निर्णय चुकीचा होता, नांगर आधी लागत होता. खाली नाव घातलं, आणि रजिस्टर आधी सिद्धेशपुढे, मग अनुजापुढे सरकवलं. सिद्धेशने वाचलं आणि तिकीट ठेवलेल्या खिशावर हात ठेवला.

अनुजाने ओळ दोनदा वाचली.

“तारीख घाला, चाचा,” ती म्हणाली.

त्याने तारीख घातली.