सुमनताईची चव

सुमनताई समोर आलेली बशी आधी माझ्याकडे सरकवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "सांग." पहिल्यांदा असं झालं तेव्हा मला वाटलं, ही देवाचं नाव घेऊन खाणाऱ्यांतली दिसते. म्हणून मीही हात जोडून बसले. भजी निवत चालली. शेवटी तिनं एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"हात काय जोडून राह्यलीस? खा, आन् सांग मला कसं लागतंय."

मी खाल्लं आणि म्हणाले, "मस्त."

"मस्त म्हंजे काहीच न्हाई, पोरी. मस्त तर पंख्याचं वारंबी असतंय. चव सांग."

ही भज्यांची गाडी नवीन जालन्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर लागायची. आमचं कॉलेज गावाबाहेर, चारी बाजूंनी कपाशी. होस्टेलच्या मेसमधलं वरण इतकं पातळ असायचं की त्यात ताटाची नक्षी दिसायची. मी पहिल्या वर्षाला होते, ताई एमएस्सीला, आणि तिच्याकडे स्कूटी होती. त्या स्कूटीच्या मागच्या सीटवर सगळ्या ज्युनिअर पोरींचा डोळा होता. तिनं मला का निवडलं, हे मी तिला एकदा विचारलंसुद्धा. "तू जेवताना कुणाशी बोलत न्हाईस," ती म्हणाली. मी खादाड आहे, याचं इतकं गोड वर्णन त्याआधी किंवा त्यानंतर कुणी केलेलं नाही.

त्या दिवशी परतताना, गाडी चालवता चालवताच, मागे न बघता तिनं सांगितलं, "मला वास येत न्हाई. चवबी न्हाई. त्या साथीत ताप आल्ता ना, तवापासून." एखादीनं मला पोहता येत नाही म्हणावं, तितक्या सहज. मी घाबरून विचारलं, मग ती भजी? "तिखट लागत न्हाई, नुसतं भाजतंय. गरम कळतंय, कुरकुरीत कळतंय. बाकी तू सांगायचं." दोन्ही बाजूंना वेचणीला आलेली कपाशी होती. दिवस मावळला तरी शेतात उजेड मागे राहिल्यासारखा वाटत होता. लांब एमआयडीसीच्या बाजूला आभाळाची कड तांबूस दिसायची. ती स्टीलच्या मिलमुळे, हे मला पुढं कळलं. तेव्हा मात्र मला वाटायचं की तिकडे सूर्याला मावळायची घाई नसते.

मग आमचं हिंडणं सुरू झालं. कॉलेजपासून स्कूटीनं जाऊन येता येईल, अशी एकही चांगली जागा आम्ही सोडली नाही. मिलच्या कामगारांची दाल-बट्टी, बसस्टँडमागची खिचडी-भजी, एका चाचांच्या हॉटेलातला डाळ-मटणाचा दालचा. मी खायची आणि बोलायची. ती डोळे मिटून ऐकायची, मग सावकाश एकेक घास घ्यायची, मी सांगितलेलं त्यात शोधत बसायची. सुरुवातीला मला चार शब्दांपलीकडे काही सुचत नसे. आंबट, गोड, खारट, तिखट. ती पिच्छा सोडायची नाही. "कुठं लागतंय? जिभेच्या टोकाला का घशात? आधी काय येतंय, मंग काय येतंय?" परीक्षेत मला कुणी इतकं विचारलं असतं तर मी पहिली आले असते. हळूहळू मला कळायला लागलं की लसूण पुढं पळत येतो आणि ओवा मागून येऊन बसतो. जिरं तळलेलं असलं तर वेगळं, भाजलेलं असलं तर वेगळं. आजही मी घास चावता चावता मनात वाक्यं जुळवत असते. नवरा विचारतो, कसला विचार करतेस? त्याला काय सांगणार.

एमआयडीसीच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक काकू धपाटे करायच्या. सोबत दही आणि ठेचा. ताईची ती सगळ्यांत लाडकी जागा, कारण तिथं बसायला बाज होती आणि कुणी उठा म्हणत नसे. काकू धपाटं थापता थापता आमच्याकडे बघत राहायच्या. एकदा न राहवून त्यांनी मला विचारलं, "ही पोरगी खाऊन राह्यली का ऐकून राह्यली?"

ताई डोळे न उघडता म्हणाली, "दोन्ही, काकू. ऐकल्याशिवाय मला लागत न्हाई."

काकूंना काय समजलं देव जाणे. पण त्या दिवसापासून त्या धपाटं आणून ठेवायच्या आणि स्वतःच सांगायच्या, "आज मेथी हाये बरं का. जरा कडू लागंल, मंग गोड होईल." असल्या माणसांसाठी मला जालना आवडतं.

त्याच बाजेवर बसलेलो असताना एका संध्याकाळी ताई एकदम ताठ झाली. "काही जळून राह्यलंय का?" मी इकडेतिकडे पाहिलं. काकूंचा तवा उतरलेला होता. कुठं काही जळत नव्हतं. "मला आला," ती म्हणाली, "जळल्याचा वास आला." तिनं आपला हात हुंगला, ओढणी हुंगली, धपाट्याचा तुकडा नाकाशी धरला. मग तुकडा खाली ठेवला. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की असे खोटे वास मधूनच येतात, त्यावर भरवसा ठेवू नये. हे सांगताना ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला काय करावं सुचेना, म्हणून मी तिचं धपाटंही खाऊन टाकलं.

त्या संध्याकाळी तिनं मला तिच्या खोलीवर नेलं आणि कपाटातून काचेची एक बरणी काढली. आत येसर होता. गहू, हरभऱ्याची डाळ, धणे, सुकं खोबरं असं सगळं भाजून दळलेलं ते पीठ; लग्नकार्यात आणि पाहुणे आल्यावर त्याची आमटी आमच्याकडे ठरलेली. हा येसर तिच्या आईनं केलेला होता. दोघी मायलेकींना एकाच वेळी ताप आला. लेक उठली, आई गेली. तेराव्याला आलेल्या बायकांनी घरातलं पीठमीठ वापरून टाकलं. ही बरणी तेवढी तिनं लपवली.

"चव आली का पहिली आमटी याची करणार," ती म्हणाली. "आईच्या हातचं एवढंच राह्यलंय. आता केली तर मला चिखलासारखी लागंल. मंग संपूनच जाईल ना गं."

बरणीचं झाकण उघडून तिनं माझ्या नाकाशी धरलं. "हाये का अजून?"

होता. खमंग, खोल, आमच्या घरच्यापेक्षा दगडफूल जरा जास्त. मी सगळं बयाजवार सांगितलं. तिनं झाकण घट्ट लावून टाकलं, जास्त वास बाहेर जाऊ नये म्हणून. पुढं मधूनमधून ती मला बोलवायची, झाकण जरासं उचलायची आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायची. दुसऱ्या कुणाच्या नाकावर आपली आई सोपवून बसलेलं माणूस मी तरी पुन्हा पाहिलेलं नाही. मला त्या बरणीची भीती वाटायला लागली.

कारण वास उतरत चालला होता. आधी दगडफूल गेलं. मग खोबरं जरा खवट वाटायला लागलं. तिचं शेवटचं सत्र संपत आलं होतं आणि खोलीत सामानाची बांधाबांध चालली होती, तेव्हा तिनं पुन्हा बरणी पुढं केली. मी बराच वेळ हुंगत राहिले.

"कमी झालाय, ताई," मी म्हणाले. "अजून आहे. पण कमी झालाय."

ती बरणी मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "तू खरं सांगितलंस ते बरं केलंस. मंग आता थांबण्यात काही अर्थ न्हाई. चल माझ्यासोबत गावाला. अण्णा तरी खातील."

ताई आता नवीन जालन्यातच बियाण्यांच्या एका कंपनीत आहे. कधी कांदा कळतो म्हणते, कधी साबण. पण गावाला गेलो तेव्हा तिला काहीच येत नव्हतं. तिचं गाव जाफराबादकडे. आम्ही एसटीनं गेलो, पुढं जीपनं. अण्णा म्हणजे तिचे वडील, उंच, कमी बोलणारे. मला म्हणाले, "ये बाई, बस." त्यानंतर जेवणापर्यंत काही नाही. ताईनं मला स्वयंपाकघरात हळूच सांगितलं, "आई गेल्यापासून असंच. मी कच्चं वाढू दे, जळकं वाढू दे, खाऊन उठतात. जेवणाला एक शब्द बोलत न्हाईत."

तिनं सगळा येसर काढला. कांदा-लसणाची फोडणी केली, पीठ पाण्यात कालवून सोडलं, आमटीला उकळी आली. मी मीठ बघू का म्हणून चमचा उचलला, तर तिनं हात धरला. "आई नैवेद्य दाखवल्याबिगर चाखायची न्हाई. अंदाजानं टाकायची." आणि तिनंही चिमटीनं, अंदाजानं मीठ टाकलं, डोळे मिटून.

आम्ही तिघं जमिनीवर बसलो. भाकरी कुस्करून त्यावर आमटी. ताईनं पहिला घास घेतला, बराच वेळ तोंडात धरला आणि गिळला. मी तिच्याकडे पाहिलं. तिनं मान हलवली. गरम, एवढंच. मी ताटातली भाकरी पुन्हा कुस्करत बसले.

अण्णांनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग ताटाकडे बघतच, पोटातून आल्यासारखं बोलले, "मीठ कमी हाये."

ताईचा हात जागीच थांबला.

"न्हेमीच कमी टाकती," अण्णा म्हणाले. "किती डाव सांगितलं तरी ऐकत न्हाई."

हे माझ्याशी नव्हतं आणि ताईशीही नव्हतं. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून ते बोलले होते. ताई रडली नाही. तिनं उठून मिठाचं भांडं आणलं आणि त्यांच्या ताटाशी ठेवलं. अण्णांनी ते उलट्या हातानं बाजूला सारलं, वाटी पुढं केली आणि म्हणाले, "ऱ्हाऊ दे. अजून वाढ."