टर्नटेबलची कोपरभर वायर

बाळांनो, तुम्ही कानाला हेडफोन लावून बसलेले दिसलात की मला सणसर गावातली एक दुपार आठवते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सगळ्यांच्या घरी कॅसेटी वाजत होत्या आणि तुमच्या आजोबांनी मात्र पुण्याहून जुनं टर्नटेबल आणलं. त्याचा नाजूक आवाज मोठा करणारी प्रीअँपची छोटी पेटीही सोबत होती. हे सारं त्यांच्या आईसाठी, म्हणजे तुमच्या पणजीसाठी. तिचा भाऊ कधीच गेला होता. भीमगीतांच्या एका तबकडीवर, कोरसात, तेवढा त्याचा आवाज उरला होता. पणजीला ऐकू येणं कमी होत चाललं होतं. "कान मिटायच्या आत एकदा ऐकव," असं ती लेकाला म्हणाली होती.

दोन्ही पेट्या जोडायची वायर आणायला आम्ही बारामतीला गेलो. दुकानदाराने दोन-तीन प्रकार पुढे ठेवले. आजोबांनी एकेक तळहातावर तोलून पाहिला. आमच्याकडे वायर निवडायची रीत एकच, जाड ती चांगली. बारीक वायरीवर विहिरीची मोटार जळते.

"ही तर करंगळीएवढी बी न्हाय," आजोबा म्हणाले.

"तात्या, ह्यातनं उसाला पाणी न्हाय द्यायचं. आवाज न्यायचाय."

"मग आवाज काय हलका असतो व्हय?"

शेवटी त्यांनी मोटारीचीच वायर घेतली, चांगली लांबलचक, आणि तिला पिना जोडून घेतल्या.

घरी सुई टेकताच घुंऽऽ असा आवाज खोलीभर पसरला. गाणं त्याच्या तळाशी, उजनी धरणाच्या पाण्याखाली बुडालेल्या देवळासारखं. पणजी बराच वेळ कान देऊन बसली.

"मोटार कुणी चालू केली रं? बंद कर. मला गाणं ऐकायचंय."

आजोबांनी टर्नटेबल बंद केलं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा त्याच दुकानात गेले. या वेळी त्यांनी काही तोललं नाही. आत तारांची बारीक जाळी असलेली, बाहेरची घरघर अडवणारी वायर घेतली, तीही कोपरभरच; वायर जितकी लांब तितकी घरघर जास्त.

दुपार पेंगुळलेली होती. उन्हाचा पट्टा तबकडीवर हळूहळू फिरत होता. आधी खरखर आली, उसाच्या वाळल्या पाचटावरून कुणी चालत यावं तशी. मग गाणं. पणजीने बोट वर केलं.

"हितं. ऐकलंस? सगळ्यांच्या आधी सुरू करतोय. लई घाई त्याला, जेवताना बी तसंच." ती हसली. डोळे मिटलेलेच होते. "परत लाव."

आजोबांनी सुई उचलून मागे ठेवली. तो पुन्हा सगळ्यांच्या आधी आला.